मोफत मुक्कामाचा हिशेब

विशेष प्रतिनिधी, मुंबई

जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’चे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा नेरूळ-वाशी परिसरातील हॉटेलांचे खोलीभाडे काही पटींनी वाढले होते. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये विश्वचषक क्रिकेटच्या अंतिम सामन्याच्या वेळी अहमदाबादकरांनी हेच पाहिले होते. अशा वेळी क्रेडिट कार्डावर वर्षभर जमविलेले हॉटेलचे ‘पॉइंट’ कामी यावेत, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु बड्या साखळी हॉटेलांच्या योजनांत खोलीची पॉइंटांतील किंमतही आता रोख भाड्याच्या पाठोपाठ वर चढते. भाडे दुप्पट झाले, की पॉइंटही बरेच जास्त मोजावे लागतात. राजधानी आणि शताब्दी गाड्यांना २०१६ मध्ये ‘फ्लेक्सी’ भाडे लागू झाले, तेव्हा प्रवाशांना जो अनुभव आला, त्याच जातीचा हा प्रकार आहे. फरक एवढाच, की येथे भाडे रुपयांत नसून ज्या चलनाची किंमत एकच पक्ष ठरवितो अशा चलनात आकारले जाते.

हॉटेलांच्या नावाने निघालेली क्रेडिट कार्डे भारतात तशी नवी आहेत. अमेरिकेत मात्र नियमित पाहुण्यांना बक्षीस देण्याची पद्धत चार दशकांची आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये प्रवाशांसाठी ‘मैल’ मोजण्याची योजना काढली आणि दोनच वर्षांत, १९८३ मध्ये, हॉलिडे इन व मॅरियट या हॉटेल कंपन्यांनी तिचा कित्ता गिरविला. पुढे बँका यात उतरल्या. बँक हॉटेल साखळीकडून पॉइंट विकत घेते आणि ते आपल्या कार्डधारकांना वाटते, असा हा व्यवहार आहे. त्याचा आकार लक्षात येण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. मॅरियटला २०२४ या एका वर्षात अशा कार्डांच्या फीपोटी साठ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळाले. खोली विकून नव्हे, तर खोलीचे आश्वासन विकून मिळालेला हा पैसा आहे.

भारतात या प्रकाराला खरी चालना मिळाली ती ऑगस्ट २०२३ मध्ये. मॅरियट आणि एचडीएफसी बँक यांनी त्या महिन्यात संयुक्त कार्ड बाजारात आणले. त्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, टाटा न्यू आणि एचडीएफसी बँक यांची कार्डे आली होती. ती नावाने हॉटेलची नसली, तरी त्यांवर मिळणारी ‘न्यूकॉइन्स’ ताजच्या हॉटेलांत चालतात, कारण ताजची जुनी ‘इनर सर्कल’ ही सदस्य योजना २०२२ मध्येच टाटांच्या या सामायिक योजनेत विलीन करण्यात आली.

मालक एक, पाटी दुसऱ्याची

ही कार्डे नेमकी याच काळात का आली, याचे उत्तर हॉटेल धंद्याच्या बदललेल्या रचनेत आहे. करोनाच्या दोन वर्षांत ओस पडलेली हॉटेले २०२२ नंतर भरू लागली. खोल्यांची संख्या मात्र त्या वेगाने वाढली नाही. एवढ्या मोठ्या देशात नामांकित साखळ्यांच्या खोल्या आजही सुमारे दोन लाखांच्या घरात आहेत. एकट्या लास व्हेगास शहरात दीड लाखाच्या आसपास खोल्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे भारतातील भाडी का चढली, याचा वेगळा खुलासा करण्याची गरज उरत नाही. भाडी चढली तसा पैसाही आला. सम्ही, ज्युनिपर, पार्क, पुण्याच्या पंचशील समूहाशी संबंधित व्हेंटिव्ह, लीला अशा हॉटेल कंपन्या २०२३ ते २०२५ या काळात एकामागून एक शेअर बाजारात दाखल झाल्या. आयटीसीने आपला हॉटेल व्यवसाय जानेवारी २०२५ मध्ये वेगळा काढला, तोही याच लाटेत.

यांतील बऱ्याच कंपन्या इमारतींच्या मालक आहेत. दारावरची पाटी दुसऱ्याची आहे. पुण्याचे जेडब्ल्यू मॅरियट व्हेंटिव्हच्या मालकीचे, सांताक्रूझचे ग्रँड हयात ज्युनिपरचे, तर पवई तलावाकाठचे वेस्टिन आणि वाशीचे फोर पॉइंट्स रहेजा समूहाच्या शॅले हॉटेल्सचे. साखळी कंपनी नाव देते, व्यवस्थापन पाहते आणि त्याची फी घेते. भांडवल मालकाचे, कर्जही त्याचेच. ज्या ताजने १९०३ मध्ये अपोलो बंदरावर स्वतःची इमारत उभी करून धंद्याचा श्रीगणेशा केला, त्या इंडियन हॉटेल्स कंपनीचा विस्तारही आता मोठ्या प्रमाणावर व्यवस्थापन करारांवर चालला आहे. २०३० पर्यंत सातशे हॉटेलांचे उद्दिष्ट तिने जाहीर केले आहे. स्वतः विटा रचत बसून ते गाठता येणे शक्य नाही.

या रचनेत साखळीजवळ विकण्यासारखे एकच उरते: गिऱ्हाईक. मालकाने मॅरियटचे किंवा हयातचे नाव घ्यावे ते एवढ्याचसाठी, की त्या नावामागे कोट्यवधी सदस्यांची यादी आहे. हे गिऱ्हाईक प्रवास-संकेतस्थळामार्फत आले, तर भाड्याचा मोठा लचका दलालीत जातो. या दलालीवरून हॉटेलवाले आणि संकेतस्थळे यांच्यात झालेला तंटा जुना आहे. हॉटेल व्यावसायिकांच्या महासंघाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३ कोटी आणि ओयोला १६८ कोटी रुपयांच्या वर दंड ठोठावला, त्याच्या मुळाशी हाच वाद होता. गिऱ्हाईक थेट यावे, पुन्हा पुन्हा यावे, यासाठी पॉइंटांचे आमिष आहे. संकेतस्थळावरून खोली घेतल्यास बहुतेक साखळ्या मुक्कामाचे पॉइंट देत नाहीत. ही अट अनेकांना हॉटेलच्या काउंटरवर उभे राहिल्यानंतर कळते.

पाहुणा मोफत राहतो, तेव्हा त्याचे पैसे कोण देते? साखळी देते, पण पूर्ण नव्हे. त्या रात्री हॉटेल जवळजवळ भरलेले असेल, तर मालकाला चालू भाड्याच्या जवळपास भरपाई मिळते. हॉटेल बरेचसे रिकामे असेल, तर चादरी-टॉवेल आणि सफाई यांचा खर्च निघेल एवढीच रक्कम हाती पडते. साहजिकच, पॉइंटांवर आलेल्या पाहुण्याविषयी मालकाचा उत्साह दिवसागणिक बदलतो. ‘साधी खोली शिल्लक नाही’ हे उत्तर कधी खरे असते आणि कधी साध्या खोलीची व्याख्याच आखूड केलेली असते.

पंधरा हजार पॉइंटांची रात्र

मॅरियट-एचडीएफसी कार्डाचे उदाहरण तपशिलात पाहण्याजोगे आहे, कारण त्यात या धंद्याची सारी गणिते एकवटली आहेत. कार्ड बाजारात आले तेव्हा त्याची वार्षिक फी ३ हजार रुपये, म्हणजे १८ टक्के करासह ३,५४० रुपये होती. फी भरली, की पंधरा हजार पॉइंटांपर्यंतच्या खोलीत एक रात्र मोफत राहण्याचे प्रमाणपत्र मिळते. त्याची मुदत एक वर्ष. वर्षभरात सहा, नऊ आणि पंधरा लाख रुपयांचा खर्च केल्यास प्रत्येक टप्प्यावर आणखी एकेक रात्र. मॅरियटच्या हॉटेलांत दीडशे रुपयांमागे आठ पॉइंट, प्रवास आणि उपाहारगृहांत चार आणि इतरत्र दोन. इंधन, घरभाडे, वॉलेट यांवरील खर्चाला काही नाही. अटी बँक बदलू शकते आणि बदलतेही. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशीचा तक्ता वाचणे भाग आहे.

आता हिशेब. खोलीचे भाडे ९ हजार रुपये असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १०,६२० रुपये होतात. हीच खोली पंधरा हजार पॉइंटांना मिळाली, तर एका पॉइंटची किंमत पडते ७१ पैसे. भाडे ६ हजार असेल, तर ५ टक्के करासह ६,३०० रुपये, म्हणजे पॉइंटला ४२ पैसे. दोन्ही खोल्या पंधरा हजारांच्याच, पण एकीत पॉइंट खर्च करणे शहाणपणाचे आणि दुसरीत रोख पैसे देऊन उलट नवे पॉइंट कमावणे अधिक शहाणपणाचे.

येथे कराची पायरी महत्त्वाची ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्यावरील खोल्यांना १८ टक्के कायम राहिला. त्यामुळे ७,५०० रुपयांची खोली ७,८७५ रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. भाड्यात शंभराचा फरक आणि बिलात जवळजवळ अकराशेचा! पॉइंटांवर घेतलेल्या खोलीत हा कर वेगळा भरावा लागत नाही. म्हणून साडेसात हजारांच्या किंचित खाली असलेली खोली रोखीने आणि किंचित वर असलेली पॉइंटांनी घ्यावी, हा साधा ठोकताळा बहुतेक वेळा उपयोगी पडतो. पाच टक्क्यांच्या गटात हॉटेलला स्वतःच्या खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे काही ठिकाणी मूळ भाडेच वाढविले गेले असल्यास नवल नाही. करकपातीचा आनंद पावतीवर तपासून मगच साजरा करावा.

खर्चाच्या टप्प्यांचे गणित याहून बोलके आहे. समजा, एखाद्या कुटुंबाने वर्षभरात ५ लाख ९० हजार रुपये या कार्डावर खर्च केले आणि त्यांतील बहुतेक किराणा, औषधे, कपडे अशा साध्या गटात होते. हाती येतात सुमारे ७,८६० पॉइंट. पॉइंटला ७१ पैसे हा चढा भाव धरला तरी ५,६०० रुपयेदेखील होत नाहीत. हाच खर्च दोन टक्के रोख परतावा देणाऱ्या कार्डावर केला असता, तर ११,८०० रुपये हाती आले असते. परंतु आणखी दहा हजार खर्च करून सहा लाखांचा टप्पा ओलांडला, की आठ हजार पॉइंटांचे सुमारे ५,६८० रुपये आणि वर एक मोफत रात्र. ती १०,६२० रुपयांच्या खोलीत खरोखर वापरली, तर एकूण १६,३०० रुपये. समोरच्या पारड्यात १२ हजार. म्हणजे दहा हजारांच्या खर्चाने पारडे फिरते. सहा आणि नऊ लाखांच्या मध्ये कोठेतरी वर्ष संपविणाऱ्याचा लाभ टप्प्यापासून दूर जावे तसा आटत जातो. बँकेचा आणि साखळीचा नफा नेमका या मधल्या जागांत आहे. सहा लाखांपर्यंत पोहोचण्यासाठी वर्षअखेरीस गरज नसलेला टीव्ही घेणारे गिऱ्हाईक त्यांना सर्वांत प्रिय असते.

आणि या साऱ्या हिशेबाच्या आधीचा हिशेब म्हणजे व्याजाचा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. एक लाख रुपये एक महिना थकले, तर ३,५०० रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी मिळून ४,१३० रुपये गेले. त्या लाखाच्या खर्चावर मिळालेले पॉइंट जेमतेम साडेनऊशे रुपयांचे. ‘किमान रक्कम’ भरून निर्धास्त राहणाऱ्याने या फंदात पडूच नये. परदेशातील खर्चाचेही असेच आहे. बहुतेक कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साडेतीन टक्के आणि त्यावर कर असे ४.१३ टक्के जादा लागतात. दीडशे रुपयांमागे दोन पॉइंट मिळविण्यासाठी दीडशे रुपयांमागे सहा रुपये मोजणे हा फायदा नव्हे.

दर ठरलेला की तरंगता

पॉइंटांचे दोन प्रकार आहेत, आणि कार्ड निवडताना हा भेद सर्वांत आधी पाहायला हवा. ‘न्यूकॉइन’ची किंमत एक रुपया. ताजमध्ये खोली महागली, तरी एका नाण्याचा एकच रुपया वळता होतो. फ्रान्सच्या अकॉर समूहाच्या योजनेतही दोन हजार पॉइंटांना चाळीस युरोची सूट, असा दर बांधलेला आहे. येथे चमत्कार घडत नाही, पण फसगतही होत नाही. याउलट मॅरियटने खोल्यांच्या पॉइंटांतील दराचा तक्ता मार्च २०२२ मध्ये रद्द केला. हिल्टनने तो २०१७ मध्येच मोडीत काढला होता. तक्ता होता तोवर गर्दीच्या दिवशीही ठरलेल्या पॉइंटांत खोली मिळविता येत असे आणि जाणकार मंडळी त्याचा पुरेपूर लाभ उठवीत. तो दरवाजा आता बराचसा बंद झाला आहे.

एक उघडी फट मात्र अजून आहे. मोफत रात्रीच्या प्रमाणपत्रावर पंधरा हजारांची मर्यादा असली, तरी आपल्या खात्यातील काही पॉइंट वर घालून त्याहून महाग खोलीही घेता येते. तसेच सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्यास चारच रात्रींचे पॉइंट कापले जातात. प्रमाणपत्रांना ही सवलत नाही. कार्डासोबत मिळणाऱ्या ‘सिल्व्हर’ दर्जाचे फारसे अप्रूप वाटून घेण्याचे कारण नाही. न्याहारी आणि लाउंज ही खरी चैन ‘प्लॅटिनम’ दर्जापासून सुरू होते, आणि त्यासाठी वर्षाला पन्नास रात्री लागतात. कार्ड त्यांतील दहा रात्रींची भर घालते. उरलेल्या चाळीस रात्री घराबाहेर काढणारा मनुष्य बहुधा कंपनीच्या खर्चाने हिंडत असतो.

पॉइंटांचे अवमूल्यन हा तर या व्यवहाराचा स्थायीभाव म्हणावा लागेल. ॲक्सिस बँकेच्या ‘मॅग्नस’ कार्डाचे उदाहरण ताजेच आहे. महिन्याला लाख रुपये खर्च केले, की पंचवीस हजार पॉइंट, आणि दर पाच पॉइंटांमागे हॉटेल वा विमान कंपनीचे चार, अशी त्याची रचना होती. १ सप्टेंबर २०२३ पासून मासिक बक्षीस बंद झाले, पाचाला चारऐवजी दोन मिळू लागले आणि वार्षिक फी दहा हजारांवरून साडेबारा हजार झाली. ज्यांनी पॉइंट साठवून ठेवले होते, त्यांची पुंजी एका परिपत्रकाने निम्म्यावर आली. बँकेत ठेवलेल्या रुपयावर व्याज मिळते. साठवलेला पॉइंट मात्र जागच्या जागी झिजतो.

ठाण्यातील वा कोथरूडमधील चौकोनी कुटुंबाला हे कार्ड परवडते का? उत्तर त्या कुटुंबाच्या सवयींवर आहे. मोफत रात्र म्हणजे साधारणतः दोन प्रौढांची एक खोली. मुले मोठी असतील, तर दुसरी खोली किंवा जादा बिछान्याचे पैसे आले. न्याहारी बहुधा वेगळी, आणि ज्या हॉटेलात खोल्या साडेसात हजारांवर जातात तेथील उपाहारगृहाच्या बिलावरही १८ टक्के कर. मे महिन्यात महाबळेश्वरला किंवा नाताळात गोव्याला हे प्रमाणपत्र वापरण्याचा बेत असेल, तर ‘बाजारात तुरी’ अशीच स्थिती व्हायची. याउलट, आठवड्याच्या मधल्या दिवशी नवी मुंबईत लग्नासाठी वा चाकणला कामासाठी जाणाऱ्याला, पावसाळ्यात फिरणाऱ्याला, निवृत्त जोडप्याला ते सहज वापरता येते. जो कोठे जायचे हे आधी ठरवितो त्याच्यापेक्षा, जो केव्हाही जाऊ शकतो त्याचा येथे लाभ अधिक आहे.

पुढच्या काळात वापराच्या जागा वाढण्याची चिन्हे आहेत. बड्या साखळ्यांचे लक्ष आता मध्यम भाड्याच्या हॉटेलांकडे आणि लहान शहरांकडे वळले आहे. मॅरियटने मे २०२५ मध्ये मुंबईच्या कॉन्सेप्ट हॉस्पिटॅलिटीशी करार करून ‘द फर्न’ची शंभराहून अधिक हॉटेले आपल्या छत्राखाली घेण्याचे जाहीर केले. त्यानंतर तीनच महिन्यांत इंडियन हॉटेल्सने ‘क्लार्क्स’ची हॉटेले चालविणाऱ्या दोन कंपन्यांत निम्म्याहून अधिक हिस्सा घेण्याची घोषणा केली, त्यांतील बरीच हॉटेले ‘जिंजर’च्या नावाखाली येणार आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्याने पनवेल-उलवे पट्ट्यातही हॉटेलांसाठी चढाओढ लागेल. अर्थात, साडेचार हजारांच्या खोलीत हे प्रमाणपत्र खर्च केल्यास करासह ४,७२५ रुपये वाचतात आणि फी वजा जाता हाती उरतात बाराशेच्या आत. तोटा नाही, पण त्यासाठी एक जादा कार्ड, एक जादा बिल आणि एक जादा मुदत सांभाळावी लागते.

ज्यांचे गणित जुळत नसेल, त्यांच्यासाठी बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, थकबाकी नसल्यास कार्ड बंद करण्याची विनंती बँकेने कामकाजाच्या सात दिवसांत पूर्ण करावी लागते. विलंब झाल्यास दिवसाला पाचशे रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. मॅरियटचे पॉइंट बँकेकडे नसून सदस्याच्या हॉटेल खात्यात जमा होत असल्याने कार्ड बंद झाले तरी ते राहतात. मात्र चोवीस महिने त्या खात्यात काहीच हालचाल झाली नाही, तर तेही रद्द होतात.